सरकारने केलेली पाठवणी

लग्नघरातील सगळ्या प्रसंगांत पाठवणीसारखा अवघड प्रसंग दुसरा नाही. मांडव, सनई, पंगती, विहिणींचे रुसवेफुगवे हे सारे दोन दिवसांचे. पण मुलीचा हात तिच्या सासूच्या हाती देऊन बाप ज्या क्षणी 'सांभाळा हो' एवढे दोनच शब्द कसेबसे बोलतो, त्या क्षणी इतका वेळ गजबजलेले घर एकाएकी मुके होते. तरी आपल्याकडच्या पाठवणीला आधार पुष्कळ असतात. सासर फार तर दहा-वीस कोसांवर. सोबतीला पाठराखीण. पहिल्या दिवाळसणाला जावयासह लेक येणार हे ठरलेले, आणि भाऊबीजेला भाऊ तिच्या दारी जाणार हेही ठरलेले.

पण समजा, सासर अडीच-तीन हजार मैलांवर, महासागरापलीकडे आहे. नवरा पुढे निघून गेला आहे. कडेवर वर्षाचे मूल आहे. माहेरचे माणूस बंदरापर्यंतसुद्धा पोचवायला येईल की नाही, याची खात्री नाही. परत कधी भेट होईल हे कोणालाच सांगता येत नाही. आणि अशी पाठवणी एका घरची नसून एकाच वेळी हजारो घरांची आहे! मग ती करायची कोणी? कल्पनेतला वाटावा असा हा प्रसंग इतिहासात खरोखर घडला आहे. दुसरे महायुद्ध संपता संपता कॅनडाच्या सरकारने आपल्या सैनिकांच्या सुमारे ४३,००० बायका आणि २१,००० मुले युरोपातून आपल्या देशी, म्हणजे त्या बायकांच्या सासरी, सरकारी खर्चाने पोचवली. या पाठवणीची तयारी कशी झाली, त्या तयारीत काय साधले आणि काय निसटले, ही हकीकत आज सणाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी अशी आहे.

कॅनडाचे पहिले सैन्य ब्रिटनमध्ये उतरले ते १९३९ च्या डिसेंबरात. ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीत त्यांचा मुक्काम पडला, आणि त्यांतल्या एकाचे पहिले लग्न १९४० च्या जानेवारीत, म्हणजे अवघ्या दीड महिन्यात, जवळच्या फार्नबरो गावच्या चर्चमध्ये लागलेसुद्धा! कॅनडाच्या सैनिकांची लग्ने ब्रिटनमध्ये इतकी झाली, याचे कारण साधे आहे. हे सैन्य फार दिवस तेथे राहिले. जर्मनी ब्रिटनवर चालून आला तर आडवे उभे राहण्यासाठी त्याला तेथे ठेवले होते. १९४२ च्या ऑगस्टमधील दिएपची रक्तबंबाळ चढाई सोडली, तर १९४३ मध्ये सिसिलीवर उतरेपर्यंत त्यातील बहुतेकांच्या वाट्याला कवायत आणि वाट पाहणे एवढेच होते. विशीतली मुले, घरापासून दूर, तीन-तीन वर्षे एका मुलखात. नाचाच्या संध्याकाळी, बॉम्बवर्षावाच्या रात्री, शेजारच्या घरचा चहा. यातून जे व्हायचे ते झाले. १९४६ च्या अखेरीपर्यंत सुमारे ४८,००० लग्ने झाली. त्यांत जवळजवळ ४५,००० वधू ब्रिटनच्या, १,९०० च्या आसपास हॉलंडच्या, साडेसहाशे बेल्जमच्या, आणि मोजक्या फ्रान्स, इटलीच्या.

ही लग्ने वडीलधाऱ्यांना फारशी पसंत होती असे मुळीच नाही. मुलीच्या आईबापांना मुलगा कोण, कुठला, त्याचे घर कसले, याचा पत्ता नसे. तिकडे कॅनडात त्याच्या गावची एखादी मुलगी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असे. सैन्याच्या अधिकाऱ्यांना तर ही नसती कटकटच वाटे. म्हणून नियम केला गेला की, सैनिकाने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय लग्न करू नये. अधिकारी चौकशी करी, थांबायला लावी, आणि मनात आले तर नकारही देई. या परवानगीच्या कागदाची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे साठ वर्षांनी तो कागद पुन्हा या हकिकतीत डोकावणार आहे.

लग्ने झाली, मुले झाली, आणि युद्धाचा शेवट दिसू लागला, तेव्हा सरकारच्या ध्यानात आले की हे प्रकरण आता आपल्या अंगावर आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये लंडनला सैन्याच्याच अखत्यारीत 'कॅनेडियन वाइव्ज ब्यूरो' नावाची एक कचेरी उघडण्यात आली. लढाईचे नकाशे आखणारे सैन्य आता सुनांच्या याद्या करू लागले! कोणाची बायको कोठे राहते, मुले किती, कितव्या महिन्याची गरोदर आहे, प्रकृती कशी आहे, नवरा अजून आघाडीवर आहे की घरी परतला आहे, याची नोंद होऊ लागली. आगबोटीचे भाडे आणि पुढे नवऱ्याच्या गावापर्यंतचे आगगाडीचे भाडे सरकारने आपल्या शिरावर घेतले.

अडचण होती आगबोटींची. युद्ध संपताच पहिला हक्क घरी परतणाऱ्या सैनिकांचा. बायकामुलांचा नंबर त्यांच्या मागून. महिन्यांमागून महिने जाऊ लागले. अमेरिकन सैनिकांशी लग्न केलेल्या ब्रिटिश मुलींचीही हीच दशा होती. त्यांचा धीर तर इतका सुटला की ऑक्टोबर १९४५ मध्ये त्या लंडनमध्ये गर्दीने जमल्या आणि 'आम्हांला आगबोटी द्या' म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांना धारेवर धरले. डिसेंबरात अमेरिकेने खास कायदा केला, आणि २६ जानेवारी १९४६ रोजी 'अर्जेंटिना' ही बोट साडेचारशे वधूंना घेऊन साऊदम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघाली. कॅनडाच्या सुनांचीही मोठी पाठवणी त्याच सुमारास, फेब्रुवारी १९४६ मध्ये, सुरू झाली.

आपल्याकडे मुलगी देण्यापूर्वी घर पाहण्याची चाल आहे. बाप किंवा मामा मुलाच्या गावी जातो, विहिरीला पाणी किती, गोठ्यात जनावरे किती, माणसे बोलायला कशी, हे बेताबेताने पाहून येतो. या मुलींचे बाप कॅनडात कोठून जाणार? तेव्हा हे कामही सरकारनेच केले. नवऱ्याच्या घरी तिला व मुलाला राहायला जागा आहे काय, तो तिला बोलवायला राजी आहे काय, याची चौकशी झाल्यावरच तिला बोटीवर जागा मिळे. युद्धानंतर कॅनडात घरांची भयंकर टंचाई होती. कित्येकांची सोय सासू-सासऱ्यांच्या घरातल्या एका खोलीतच व्हायची होती. चौकशीचे उत्तर आले नाही, किंवा नवऱ्याचाच विचार फिरला, की बिचारीचे नाव यादीतून मागे पडे. घर आहे की नाही एवढे सरकारला कळे. पण घरातली माणसे कशी आहेत, हे कोणती चौकशी सांगणार?

इकडे मुलींची तयारी चालू होती. कपडे शिधापत्रिकेवर, त्यामुळे रुखवताची गोष्टच नको. जे मिळेल ते शिवायचे, आईचा जुना कोट उसवून मुलाचा करायचा. कचेरीतर्फे ठिकठिकाणी मंडळे निघाली. तेथे कॅनडाहून आलेल्या बायका येऊन हवामान, पैसा, बाजारहाट, मुलांची शाळा यांविषयी व्याख्याने देत. 'वेलकम टू वॉर ब्राइड्स' नावाची एक पुस्तिका छापून वाटण्यात आली. स्वयंपाकाचे एक पुस्तकही खास त्यांच्यासाठी तयार झाले. याची गरज कोणाही गृहिणीला पटेल. ब्रिटनमध्ये पीठ, साखर तराजूने तोलायची रीत. कॅनडात सारे माप कपाचे. मुलीचा हात एका मापावर बसलेला, आणि सासूचे स्वयंपाकघर दुसऱ्या मापाचे! आपल्याकडे तळकोकणातली सून देशावर गेली की पहिले काही महिने भाकरीवरून जे होते, तेच हे.

पण खरी माहिती मिळायची ती नवऱ्याच्या पत्रांतून, आणि ती मात्र फार सांभाळून वाचायला हवी होती. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या तरुणाला आपले गाव जगात सुंदर वाटते, हे स्वाभाविक आहे. 'आमची मोठी शेती आहे' एवढे तो लिही. शेतीपासून शेजारचे घर मैलभर लांब आहे, वीज नाही, पाणी पंपावरून बादलीने आणावे लागते, आणि थंडीत उणे तीस अंशांत आडोशाची खोली अंगणापलीकडे आहे, हे लिहायचे राहून जाई. त्याला ते सांगण्यासारखे वाटतही नसे. त्याच्या आईने जन्मभर तेच केले होते.

मग एक दिवस तार येई. अमुक दिवशी अमुक स्टेशनवर हजर व्हा. मध्ये काही थोडेच दिवस. त्यांत सामान बांधायचे, आजीला भेटून यायचे, मुलाला देवी टोचून घ्यायची, कागद गोळा करायचे. बंदरात नातेवाइकांना सहसा येऊ देत नसत, म्हणून निरोप होई तो गावच्या फलाटावरच. ५ फेब्रुवारीला लिव्हरपूलहून 'मॉरेटानिया' ही बोट नऊशेंहून अधिक बायकामुलांना घेऊन निघाली. नंतर 'आक्विटानिया', 'क्वीन मेरी', 'लेटीशिया', 'लेडी नेल्सन' अशा कितीतरी बोटींच्या फेऱ्या झाल्या. ज्या बोटींत काल सैनिक दाटीवाटीने निजत होते, तेथे आज लंगोट वाळत होते. पाठराखिणीही होत्या. रेडक्रॉसच्या स्वयंसेविका प्रत्येक फेरीबरोबर असत. त्या बाळांचे दूध करून देत, समुद्र लागलेल्या आयांची डोकी धरत, आणि रात्री रडणाऱ्यांची समजूत घालत.

या प्रवासाची एक आठवण त्या पिढीच्या बहुतेकींनी सांगितली आहे, ती पांढऱ्या पावाची. ब्रिटनमध्ये १९४२ पासून सरकारी करड्या पावाखेरीज दुसरा मिळत नसे. बोटीवरच्या मेजावर पांढरा शुभ्र पाव, लोणी, मांस, संत्री पाहून कित्येकींना पहिल्यांदा आठवण झाली ती घरी राहिलेल्या आईची. सुखाचा पहिला घास माहेराची आठवण घेऊन यावा, हे कोणत्या देशातल्या मुलीला नवीन आहे?

हॅलिफॅक्स बंदराच्या एकवीस क्रमांकाच्या धक्क्यावर बोट लागे. धक्क्यालाच लागून आगगाड्या उभ्या. ज्यांचे सासर जवळ, त्या त्याच दिवशी घरी पोचत. ज्यांचे पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हरकडे, त्यांच्यापुढे सुमारे सहा हजार किलोमीटरचा आगगाडीचा प्रवास उरलेला असे. ज्या देशात दिवसभराच्या प्रवासात एका टोकाहून दुसरे टोक गाठता येते, तेथल्या मुलींना दिवसामागून दिवस बर्फ आणि अरण्य पाहत बसावे लागले, तेव्हा आपण कोठे निघालो आहोत याची पहिली खरी कल्पना आली. मध्यरात्री एखाद्या आडस्टेशनावर गाडी थांबे. सोबतीण उतरे. कंदील घेऊन कोणी उभे असे. मूल, पेटी आणि ती यांना खाली ठेवून गाडी चालू लागे, आणि खिडकीतल्या बाकीच्या जणी आपल्या स्टेशनाचा विचार करू लागत.

ही सासरे तरी एका तऱ्हेची होती काय? कोणाला क्वीबेकमध्ये फ्रेंचखेरीज अक्षर न बोलणारी सासू मिळाली. हॉलंडच्या मुलींना इंग्रजी आणि संसार दोन्ही एकदम शिकावे लागले. काही थोड्यांचे नवरे कॅनडाच्या मूळ रहिवासी जमातींतले होते. त्यांची गोष्ट फार विलक्षण आहे. तेथल्या तत्कालीन कायद्याने अशा पुरुषाशी लग्न करणारी गोरी मुलगी कागदोपत्री त्या जमातीचीच होई, आणि उलट त्या जमातीच्या मुलीने बाहेर लग्न केले तर तिचा जन्मसिद्ध हक्क जाई. हा कायदा थेट १९८५ मध्ये बदलला. लंडनमध्ये वाढलेली मुलगी बोटीतून उतरली ती कायद्याने एका वेगळ्याच समाजाची होऊन, आणि तिला ते कोणी आधी समजावून सांगितले असेल याची शंकाच आहे.

बहुतेकींनी संसार केले, आणि चांगले केले. पंप मारायला शिकल्या, भाकरी भाजावी तसा पाव घरी भाजायला शिकल्या, सासूशी भांडल्या आणि तिच्या आजारपणात उशाशी बसल्या. पण काहींचे जमले नाही. युद्धातून परतलेला नवरा लग्नातला नवरा राहिला नव्हता, किंवा दारूच्या आहारी गेला होता, किंवा नुसता परका होता. सरकारचे तिकीट एकाच बाजूचे होते. परतीचे भाडे ज्याचे त्याला. ज्यांच्या बापाने शेत किंवा घड्याळ विकून पैसे पाठवले, त्या परतल्या. बाकीच्या राहिल्या, आणि पुढे त्यांनी स्वतःच ठरवले की आपले येथे बरे चालले आहे. सरकारने एवढी तयारी केली, पण परतीच्या वाटेचा विचार त्या तयारीत नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट निसटली. ती इतकी लहान होती की तेव्हा कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. त्या काळी कॅनडाचे स्वतंत्र नागरिकत्व असे काही नव्हते. नवराही ब्रिटिश प्रजाजन, बायकोही ब्रिटिश प्रजाजन. फेब्रुवारी १९४५ मध्ये सरकारने हुकूम काढला की देशात येण्याच्या कायद्यापुरते या बायकामुलांना नवऱ्याचाच दर्जा धरावा. 'तुम्ही आता कॅनेडियन झालात' असे त्यांना सांगण्यात आले, आणि त्यांनी विश्वास ठेवला. पुढे १ जानेवारी १९४७ रोजी कॅनडाचा नागरिकत्वाचा कायदा अमलात आला. बहुतेकींना तो आपोआप लागू पडला. पण त्या कायद्यात पोटकलमे होती. लग्नाआधी जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व आईवरून ठरे, बापावरून नव्हे. परदेशी जन्मलेला माणूस ठरावीक वयाला देशाबाहेर असेल आणि वेळेवर नोंद करणार नाही, तर त्याचा हक्क बुडे. आणि ही पोटकलमे मुलांच्या आयांना कोणी वाचून दाखवली नव्हती.

पन्नास-साठ वर्षे गेली. मांडीवर बसून आलेली ती मुले आजोबा-आजी झाली. मग कोणी पारपत्रासाठी अर्ज केला, कोणी पेन्शनसाठी, आणि कचेरीतून उत्तर आले की तुम्ही या देशाचे नागरिकच नाही! त्यांतल्या एका माणसाचे प्रकरण न्यायालयात गेले. त्याच्या बापाने १९४४ मध्ये लग्नाची परवानगी मागितली होती. नॉर्मंडीची चढाई तोंडावर आलेली, अधिकाऱ्याने नाही म्हटले. त्या वर्षअखेर मूल जन्मले. बाप जिवंत परतला, १९४५ मध्ये रीतसर लग्न झाले, आणि १९४६ मध्ये मायलेकरे इतरांसारखीच कॅनडात आली. संसार टिकला नाही, मूल आईबरोबर इंग्लंडला परतले. मोठेपणी त्याने बापाच्या देशाचे नागरिकत्व मागितले, तर सांगण्यात आले की तुझा जन्म लग्नाआधीचा आहे. वरिष्ठाने एका सकाळी न दिलेली सही मुलाला साठ वर्षांनी आडवी आली. २००६ मध्ये तो खटला जिंकला, २००७ मध्ये अपिलात हरला, आणि अखेर सरकारने खास बाब म्हणून त्याला नागरिकत्व दिले. अशा लोकांना तिकडे 'हरवलेले कॅनेडियन' असे नाव पडले. २००९ मध्ये कायदा सुधारला, आणि राहिलेल्या पुष्कळांना, त्या युद्धकाळच्या सुनांनाही, २०१५ च्या सुधारणेने न्याय मिळाला. तोपर्यंत त्यांतल्या अनेकजणी हे जग सोडून गेल्या होत्या.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, मग एवढी योजना व्यर्थच म्हणायची! तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चौसष्ट हजार माणसे, त्यांत तिसरा हिस्सा तान्ही आणि रांगती मुले, महासागर ओलांडून नेमक्या पत्त्यावर पोचवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या पाठवणीत पुष्कळ माणुसकी होती. चूक झाली ती इतकीच की, पोचवले म्हणजे झाले असे सरकारला वाटले. बोट बंदराला लागली की कारकुनाची वही मिटते. पण सुनेचा प्रवास त्या धक्क्यापासून सुरू होतो.

आज आपल्या घराघरांतून मुले-मुली परदेशी जात आहेत. कोणाची सून तिकडची आहे, कोणाचा जावई तिकडचा. सगळे कुटुंब जोडीदाराच्या देशी हलवायचे बेत दिवाळीच्या फराळाभोवती होत असतात. विमानाचे तिकीट, घर, नोकरी, मुलांच्या शाळा यांचे हिशेब ही हुशार मुले आपल्यापेक्षा चांगले करतात. वडीलधाऱ्यांनी त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात. मुलांच्या जन्माचे, लग्नाचे आणि नागरिकत्वाचे कागद तिकडच्या कायद्याने पुरे आहेत ना, आणि ते कोणाच्या तोंडी आश्वासनावर सोडलेले नाहीत ना? आणि दुसरे, परत यावेसे वाटले तर परतीचे भाडे तुझे तुझ्यापाशी आहे ना?

हॅलिफॅक्सचा तो एकवीस क्रमांकाचा धक्का १९७१ मध्ये उतारूंसाठी बंद झाला. १९९९ पासून तेथे संग्रहालय आहे. २००६ मध्ये, साठ वर्षांनी, कित्येक म्हाताऱ्या आपल्या नातवंडांना घेऊन पुन्हा त्या जागी गेल्या. ज्या जागी त्या एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने मूल सावरत उभ्या राहिल्या होत्या, तेथे आता तेच मूल, केस पिकलेले, त्यांचा हात धरून उभे होते.